तेराव्यानंतर येणारा पैसा

अंत्यविधी विमा म्हणजे मृत्यूनंतरच्या संस्कारांचा खर्च भागावा एवढ्याच हेतूने घेतलेला, लहान रकमेचा आणि दावा चटकन निकाली काढण्याचे आश्वासन देणारा जीवन विमा. दक्षिण आफ्रिकेत, नेदरलँड्समध्ये आणि ब्रिटनमध्ये तो सर्वपरिचित आहे. भारतात या नावाची पॉलिसी सर्वसामान्य माणसाच्या कानावरही सहसा आलेली नसते आणि तिचे काम अनेक योजनांनी आपापसांत वाटून घेतले आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत विमाधारक कामगाराच्या अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत खर्च मिळतो, महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून अटींत बसणाऱ्या नोंदणीकृत कामगाराच्या अंत्यविधीला १०,००० रुपयांची मदत आहे, दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात, आणि प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वयाच्या अटीत बसणाऱ्या बँक खातेदाराला वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण मिळते. यांतली पहिली दोन साहाय्ये अंत्यविधीचे नाव घेऊन दिली जातात. उरलेल्या दोहोंचा पैसा मात्र घरच्यांच्या हाती आल्यावर तेराव्याला गेला की मुलांच्या फीला, हे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न तपासण्यासाठी जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुका सोयीचा आहे, कारण तापीच्या उत्तर तीरापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेल्या या एकाच तालुक्यात अंत्यसंस्काराच्या अनेक रीती शेजारी शेजारी नांदतात. बहुसंख्य शेतकरी समाजांत दहन आहे. लिंगायतांमध्ये मृतदेह बसलेल्या स्थितीत पुरतात. गोसाव्यांत समाधी देतात. खानदेशात मोठा अनुयायीवर्ग असलेल्या महानुभाव पंथात संन्याशाच्या दफनाला ‘निक्षेप’ म्हणतात. तडवी आणि इतर मुसलमान समाजांत कफन-दफन आहे. आणि पावरा-भिल्लांमध्ये दहन व दफन दोन्ही आढळतात. पुढील संवादातील दोघे म्हणजे प्रत्यक्ष व्यक्ती नव्हेत, भूमिका आहेत. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ज्यांना भाऊबंद रीत विचारायला येतात आणि जे येथे केवळ ‘गुरुजी’ आहेत. दुसरा तालुक्याच्या गावी काम करणारा विमा प्रतिनिधी, ज्याला गुरुजी वयाच्या नात्याने ‘भाऊ’ म्हणतात.

गुरुजींचा पहिला आक्षेप विम्याच्या गरजेवरच आहे. “भाऊ, गावात मयत झाली की पहिल्या चार तासांत काय लागते ते मोजा. तिरडीला बांबू, सरणाला तीन-चारशे किलो लाकूड आणि गोवऱ्या, मडके, नवे कापड, चार खांदे, आणि ज्या घरात चूल पेटत नाही तिथे शेजारून येणारी पिठले-भाकरी. यातले विकत किती घेतले जाते? बांबू तोडणारा, लाकूड ट्रॉलीत भरणारा, सोयऱ्यांना फोन लावणारा, हे सगळे भाऊबंद असतात आणि त्यांच्यापैकी कोणी पावती मागत नाही. जे नाते मजुरीशिवाय चालते त्याला हप्ता कशाला?”

प्रतिनिधीला हे मान्य आहे, पण त्याचा हिशेब निराळ्या दिवशी सुरू होतो. “गुरुजी, तुम्ही पहिल्या दिवसाचे सांगता आणि सुतक तेरा दिवसांचे असते.” तो एकेक खर्च मोजून दाखवतो: तिसऱ्या दिवशी राख सावडल्यावर अस्थी तापीत सोडायच्या की नाशिकला रामकुंडावर न्यायच्या, जे अंत्ययात्रेला पोहोचू शकले नाहीत असे आप्त पुढचे अनेक दिवस भेटीला येतात, ज्याला खानदेशात द्वारदर्शन किंवा दारावर येणे म्हणतात, त्यांचा चहापाणी आणि जेवणाचा राबता, दहाव्याला नदीकाठचे पिंडदान, भटजी आणि नाभिक, आणि शेवटी गंधमुक्ती व उत्तरकार्य, म्हणजे सुतकात वर्ज्य केलेले गंध पुन्हा लावून सुतक फिटल्याचे जाहीर करण्याचा विधी आणि त्याला जोडून येणारे जेवण. या अखेरच्या दिवशी मांडव, आचारी, किराणा, प्रवचनकारांची दक्षिणा आणि सोयऱ्यांच्या टोपी-टॉवेल-साड्यांची देवाणघेवाण असते. “खांदा फुकट आहे, गुरुजी, पंगत फुकट नाही. आणि पंगतीसाठी उचललेले पैसे पुढच्या कापसावर फेडायचे असतात.”

येथे गुरुजी जो प्रश्न विचारतात त्याभोवती खरे तर संपूर्ण वाद फिरतो, आणि विम्याच्या प्रचारपत्रकांत तो सहसा सापडत नाही. तो असा की विम्याचा पैसा नेमका कोणत्या दिवशी येतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची खबर देण्यास २१ दिवसांची मुदत आहे. ग्रामपंचायतीकडून दाखला मिळाल्यावर दाव्याचा अर्ज, वारसदाराची ओळखपत्रे आणि बँक पासबुक शाखेत द्यायचे, तिथून ते विमा कंपनीकडे जायचे आणि मग रक्कम खात्यावर यायची. सर्व काही सुरळीत झाले तरी तेराव्याच्या आत हे घडणे अवघडच. याउलट खानदेशात, विशेषतः उन्हाळ्यात, प्रेत रात्रभर ठेवण्याची रीत नाही. बाहेरगावचा मुलगा येईपर्यंतच काय ते थांबतात. युरोपात मृत्यू आणि दफन यांच्यामध्ये अनेकदा आठवडा जातो, आणि अंत्यविधी विमा अशा सावकाश चालणाऱ्या वेळापत्रकात जन्मला. चोपड्यात तो आणला तर सरण विझून गेल्यावर लाकडाचे पैसे हाती येतात.

प्रतिनिधी यावर मागे हटत नाही, उलट त्याचे उत्तर या संवादातील सर्वांत सूक्ष्म उत्तर आहे. “पैसा नंतर येतो, पण येणार आहे हे आधी माहीत असते. किराणा दुकानदार दहाव्याचे सामान उधार देतो ते कशाच्या भरवशावर? पूर्वी शेतावर द्यायचा, आता विचारतो की माणसाचा विमा होता का.” म्हणजे विमा रोख रक्कम होण्यापूर्वी पत होतो, विधी उसनवारीवरच पार पडतो आणि विम्याने फिटते ती उसनवारी. ही बाजू मान्य केली की विम्याकडून काय अपेक्षावे याचे स्वरूपच बदलते. तो परंपरेचा खर्च उचलत नाही, परंपरेमुळे झालेल्या कर्जातून घराला मोकळे करतो, आणि दोन्ही गोष्टी एक मानणे ही या विषयावरील लेखनातील नेहमीची गल्लत आहे. शिवाय जी पत विम्यामुळे वाढते ती पंगतीची पानेही वाढवू शकते, हे गुरुजींनी लगेच दाखवून दिले. दोन लाख येणार हे भाऊबंदांना कळले की “बापाच्या नावाचे आहेत, बापाच्या नावाने खर्च करा” असे म्हणणारा कोणीतरी ओट्यावर बसलेलाच असतो.

या ठिकाणी प्रतिनिधी दख्खनच्या इतिहासाचा आधार घेतो. १८७५ मध्ये पुणे आणि नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले तेव्हा सरकारने नेमलेल्या आयोगाने कर्जबाजारीपणाची कारणे तपासली. रयत लग्नकार्यात आणि सणसमारंभांत उधळपट्टी करून बुडते हे तेव्हाच्या अधिकारीवर्गाचे आवडते मत होते, पण आयोगाचा निष्कर्ष असा होता की या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे आणि धान्य, बियाणे, बैल, सरकारी सारा यांसाठी वारंवार घेतलेली लहान कर्जेच रयतेला अधिक खोल नेतात. “म्हणून शेतकरी तेराव्याने बुडतो हे शहाण्यांचे जुने भाषण आहे,” असे त्याचे म्हणणे. गुरुजींनी ते खोडले नाही. एवढेच म्हटले की आयोगाने तपासली ती रयत जेवण घालायला सावकाराकडे जात होती आणि सावकार देताना हात आखडता घेई, विम्याच्या रकमेला असा अडसर नसतो. दक्षिण आफ्रिकेत, जिथे अंत्यविधी विमा आणि दफन मंडळे यांचा प्रसार फार मोठा आहे, तिथल्या क्वाझुलू-नाताल प्रांतातील कुटुंबे एका प्रौढाच्या अंत्यविधीवर साधारण वर्षभराच्या दरडोई उत्पन्नाएवढी रक्कम खर्च करतात असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मात्र खर्च विम्यामुळे वाढला की प्रतिष्ठेच्या खर्चाला तोंड देता यावे म्हणून विमा वाढला, हे या आकड्यावरून ठरत नाही, हा प्रतिनिधीचा खुलासा योग्य आहे.

एका बाबतीत मात्र दोघेही, आपापल्या वाटेने, एकाच अडचणीशी पोहोचतात. ९ मे २०१५ रोजी सुरू झालेल्या जीवन ज्योती योजनेत वयाच्या १८ ते ५० व्या वर्षापर्यंत प्रवेश मिळतो आणि संरक्षण ५५ व्या वर्षी संपते. तिच्या सोबतची सुरक्षा विमा योजना सत्तर वर्षांपर्यंत आहे, पण ती फक्त अपघातापुरती. दुसरीकडे रीत अशी की नातवंडे-पतवंडे पाहून गेलेल्या म्हाताऱ्याची अंत्ययात्रा भजनी मंडळासह, कधी वाजत-गाजत निघते आणि त्याचे उत्तरकार्य मोठे होते, तर तरुण माणसाच्या अकाली मृत्यूनंतर घरचे आणि सोयरेही सगळे थोडक्यात आवरतात. परिणाम असा की ज्या मृत्यूचा विमा असतो त्याची पंगत लहान असते आणि ज्याची पंगत मोठी असते त्याचा विमा संपून पंधरा-वीस वर्षे झालेली असतात. आयुर्विमा महामंडळाच्या आजीवन योजना ही फट बुजवू शकतात, पण त्यांचा हप्ता केळीचा भाव पाहून शेत करणाऱ्या घराला दरवर्षी झेपत नाही. म्हातारी माणसे स्वतःच्या ‘मातीचे’ पैसे वेगळे ठेवतात ते यामुळे. लुगड्याच्या गाठीत, टपाल खात्यात किंवा पतसंस्थेत. आणि जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकल्या तेव्हा त्यांत असे पैसेही होते.

दफन करणाऱ्या समाजांविषयी बोलताना संवादाचा सूर बदलतो, कारण तेथे खर्चाचा प्रश्नच दुय्यम ठरतो. तडवी समाज चोपडा, यावल आणि रावेर या सातपुड्यालगतच्या तालुक्यांत राहतो. इस्लामी रीतीप्रमाणे दफन लवकर आणि साधेपणाने करायचे असल्यामुळे कफनाचे कापड, कबर खोदणे आणि जनाजा यांचा खर्च जमातीला उचलता येण्यासारखा असतो, आणि त्यासाठी अनेक ठिकाणी बैतुलमाल, म्हणजे जकात व देणग्यांतून चालणारा सामायिक निधी असतो. व्याजी गुंतवणूक आणि अनिश्चिततेचा सौदा या दोन कारणांनी अनेक उलेमा रूढ विमा नाकारतात आणि त्याऐवजी ‘तकाफुल’ म्हणजे सभासदांनी एकमेकांसाठी दिलेल्या वर्गणीचा मार्ग मान्य करतात. गुरुजींच्या मते हा मार्ग भाऊबंदांच्या रीतीच्या जवळचा आहे. पण लिंगायत असोत, गोसावी असोत, तडवी असोत की पाड्यावरचे पावरे, पुरणाऱ्याला लागते ती जागा, आणि जागा सातबाऱ्यावर कोणाच्या नावाने आहे, तिच्याकडे जायला रस्ता आहे की दुसऱ्याच्या बांधावरून प्रेत न्यावे लागते, पावसाळ्यात नाला ओलांडता येतो की नाही, हे कोणत्याही पॉलिसीच्या अटींत बसत नाही. प्रतिनिधीने येथे वाद घातला नाही. ज्या वस्तीला दफनभूमी नाही तिला परंपरा जपायला विमा विकणे हे, त्याच्याच शब्दांत, “घर नसलेल्याला कुलूप विकण्यासारखे” आहे.

प्रतिनिधीची सर्वांत भक्कम बाजू सुरतेची आहे. खानदेशातून सुरतेला कामाला जाण्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची असून उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशी वस्ती मोठी आहे. कापडाच्या कारखान्यात राबणारा माणूस तिथे गेला तर त्याची माती गावच्या मातीत मिळावी अशी घरच्यांची इच्छा असते, आणि त्यासाठी लागणारी रुग्णवाहिका, शवपेटी, बर्फ आणि कागदपत्रे यांची रक्कम त्या रात्री, रोख, परक्या शहरात उभी करावी लागते. येथे खांदे फुकट असले तरी ते तीनशे किलोमीटर दूर असतात. या प्रसंगी दोन लाखांचा विमा निरुपयोगी, कारण तो उशिरा येतो. उपयोगी पडेल असा निधी लहान, पण तासाभरात मिळणारा हवा.

असा निधी माणसाने पूर्वी उभा केलेला आहे. रोमजवळच्या लानुवियम या गावात डायना देवता आणि अँटिनोअस यांच्या नावाने गरिबांचे एक मंडळ होते, ज्यात गुलामही सभासद असत आणि ज्याची इ. स. १३६ ची नियमावली कोरीव लेखात टिकून आहे. प्रवेशाला शंभर सेस्टर्स नाणी आणि एक कुंभ चांगले मद्य, दरमहा अल्प वर्गणी, आणि मृत्यूनंतर तीनशे सेस्टर्स, ज्यांतले पन्नास चितेपाशी हजर राहणाऱ्यांत वाटायचे. गावापासून वीस मैलांपलीकडे सभासद मेला आणि खबर पोहोचली, तर मंडळातल्या तिघांनी तिथे जाऊन त्याचे संस्कार करायचे आणि त्यांना प्रवासखर्च मिळायचा. इथिओपियातील ‘इद्दिर’ आजही अशाच तत्त्वावर चालतात: दरमहा वर्गणी, लेखी नियम, मृत्यूच्या दिवशी रोख मदत, आणि मंडळाच्या मालकीचे तंबू, बाके व भांडी. गुरुजींना हा मार्ग पटला, कारण त्यात पैसा आणि माणसे एकत्र येतात. आणि खानदेशातील अनेक गावांत समाजाची म्हणून ठेवलेली मोठी पातेली व सतरंज्या हे त्याच मंडळाचे अर्धे अंग आहे. प्रतिनिधीची शंका व्यवहारी होती: वही कोणी लिहायची, आणि वर्गणी थकलेल्याच्या घरी मयत झाली तर त्याला नाही म्हणायचे धैर्य कोणत्या भाऊबंदाला होणार? लानुवियमच्या नियमावलीत सहा महिने वर्गणी थकवणाऱ्याला संस्कार नाकारण्याची तरतूद होती. चोपड्यात तसा नियम लिहिला जाईल. पाळला जाणार नाही, आणि तो पाळला जात नाही हाच गुरुजींना परंपरेचा गाभा वाटतो.

विम्याविषयी या भागात जो अविश्वास आहे त्याचे मूळ मृत्यूत नसून केळीत आहे. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत केळीची भरपाई मुख्यतः बागेतील नुकसान पाहून नव्हे, तर महसूल मंडळातील हवामान केंद्रावर नोंदलेले तापमान आणि वाऱ्याचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की नाही यावर ठरते. बाग झोडपली जाते आणि केंद्रावर आकडा बसत नाही असे झाले की शेतकरी विमा या शब्दाकडेच संशयाने पाहू लागतो. राज्य सरकारनेही एका बाबतीत असाच निष्कर्ष काढला: शेतकऱ्यांच्या अपघाती मृत्यूसाठी विमा कंपन्यांमार्फत चालणारी योजना २०२३ मध्ये बाजूला सारून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने थेट सानुग्रह अनुदान सुरू केले, म्हणजे हप्ता आणि कंपनी दोन्ही वगळून दोन लाख सरकारनेच द्यायचे. गुरुजी यापुढे जाऊन कोल्हापूरचे उदाहरण देतात, जिथे महानगरपालिका दहनाचे पैसे घेत नाही आणि नागरिक होळीच्या सुमारास शेणी दान करून स्मशानाला हातभार लावतात. चोपड्याची नगरपालिका आणि ग्रामपंचायती हे करू शकल्या तर पहिल्या दिवसाचा प्रश्न विम्याविना सुटेल, आणि या मुद्द्यावर गुरुजींची बाजू वरचढ आहे असेच म्हणावे लागते.

उरला प्रश्न तेराव्या दिवसाचा, आणि तो ज्या व्यक्तीपाशी येऊन थांबतो ती या संवादात आतापर्यंत बोललेली नाही. विम्याच्या अर्जावर नामनिर्देशित म्हणून बहुधा पत्नीचे नाव असते. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पती, पत्नी, आईवडील किंवा मुले नामनिर्देशित असतील तर ती रक्कम त्यांच्याच हक्काची समजली जाते. पण उत्तरकार्य किती पानांचे करायचे हे ती ठरवत नाही. ते दीर, चुलते आणि सोयरे ठरवतात, ती आत बसलेली असते, आणि खर्चाच्या वहीत तिची सही नसते. गुरुजींच्या सांगण्यानुसार अनेक घरांत आता पत्रिकेवरच ‘फक्त चहापान’ असे छापू लागले आहेत. प्रतिनिधी म्हणतो की त्याने भरून घेतलेल्या अर्जांपैकी ज्यांत बाईचे खाते नवऱ्याच्या खात्यापासून वेगळे आहे, तिथेच दावा तिच्या हाती राहतो; संयुक्त खात्यावर आलेली रक्कम तेराव्याच्या उधारीत जाते. त्यावर गुरुजींनी विचारले की मग अर्ज भरतानाच, नवरा जिवंत असताना, हे त्या दोघांना का सांगत नाही. प्रतिनिधीचे उत्तर असे की पॉलिसी विकायला आलेल्या माणसाने बाईला “तुमचे खाते वेगळे काढा” म्हटले तर नवरा ती पॉलिसी घेत नाही, आणि हे सांगण्याचे काम रीत विचारायला ज्यांच्याकडे लोक येतात त्यांचे आहे.